स्लॅब टाकण्याआधी

दोस्तांनो, तुमच्या आसपास कुठं ना कुठं बांधकाम चालू असेलच. स्लॅबच्या दिवशीची धांदल पाहिलीय कधी? सकाळपासून मिक्सरची घरघर, घमेल्यांची साखळी नाहीतर पंपाचा लांबलचक पाइप, आणि मुकादमाचा चढा आवाज. संध्याकाळी बघावं, तर सळयांचं सगळं जाळं काँक्रीटखाली गडप! आत काही चुकलं असेल तर आता ते दिसणार कुणाला? म्हणून जे तपासायचं ते काँक्रीट ओतण्याआधी. त्यासाठी साइट इंजिनीअरच्या हातात एक यादी असते, तिला म्हणतात चेकलिस्ट.

यादी कशाला, हुशार माणसाच्या लक्षात राहत नाही का? नाही राहत! ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं एक नवंकोरं मोठं विमान उड्डाण करताच कोसळलं. वैमानिक चांगला मुरलेला होता. पण जमिनीवर उभं असताना शेपटीची पाती वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेला होता. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणापूर्वीची यादी आली. पुढं ही कल्पना ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचली. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची १९ कलमांची यादी तयार करण्यात पुढाकार होता डॉ. अतुल गावंडे यांचा. त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, बरं का!

तर आपली स्लॅबची यादी. गंमत अशी, की वाईट यादी करणं फार सोपं असतं. 'सळया ठीक आहेत का?' असं विचारलं की कुणीही 'हो' म्हणून मोकळा होतो. चांगली यादी विचारते, 'तळाच्या सळईखाली किती मिलिमीटर जागा आहे? चार ठिकाणी मोजून लिहा.' त्या जागेत सिमेंटचे छोटे ठोकळे बसवतात, त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. ते नसले तर सळई थेट फळीवर टेकते, तिच्याभोवती पुरेसं काँक्रीट राहत नाही, काही वर्षांनी ती गंजते, फुगते आणि छताचे पापुद्रे खाली पडू लागतात. जुन्या इमारतीत उघड्या पडलेल्या तांबूस सळया तुम्ही पाहिल्याच असतील.

प्रत्येक इमारत वेगळी, म्हणून यादीही वेगळी. ती टाइप करत बसणं मोठं कंटाळवाणं काम. आता हे काम एआय एजंटकडं देता येतं. एजंट म्हणजे नुसतं उत्तर देणारा नव्हे, तर सांगितलेल्या कामाच्या पायऱ्या पाडून ती एकेक करत जाणारा प्रोग्राम. पण तो यादी तयार करतो कशी? त्याला ना बोटं, ना डोळे!

रेल्वेच्या आरक्षणाची खिडकी आठवा. फॉर्मवर गाडीचा नंबर, तारीख, नाव, वय लिहून द्यायचं. एक रकाना रिकामा राहिला, की फॉर्म परत! तपासणीच्या सॉफ्टवेअरलाही अशीच खिडकी ठेवलेली असते. तिला एपीआय म्हणतात. एजंट तिथं ठरावीक नमुन्यात मागणी देतो: नवी यादी उघड, तिच्यात हे कलम घाल, उत्तराचा प्रकार आकडा, एकक मिलिमीटर, सोबत फोटो हवाच. प्रकार लिहायचा राहिला, तर खिडकी चूक दाखवून मागणी परत करते आणि एजंट ती दुरुस्त करून पुन्हा देतो. अशा खिडक्यांशी बोलायची एकच रीत असावी, म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक या कंपनीनं 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही पद्धत खुली केली.

यात एक मजेदार अडचण येते. मागणी पोचली, यादी झाली, पण उत्तर यायच्या आतच नेट गेलं. एजंटला वाटतं काम झालंच नाही; तो पुन्हा मागतो. झाल्या दोन याद्या! मग निम्म्या खुणा हिच्यात, निम्म्या तिच्यात, आणि दोन्ही अर्धवट. उपाय साधा आहे. प्रत्येक मागणीला एक क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, की खिडकी जुनीच पावती दाखवते.

आकड्यांच्या बाबतीत एजंट वाकबगार, पण त्याला जे सांगाल त्यावरच तो चालणार. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणं, नेहमीचं सिमेंट वापरलेल्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू निदान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. कुणी पाचाच्या जागी चार लिहिलं, तर एजंट बिनदिक्कत ७ दिवस लिहून मोकळा होईल. यादी दिसायला तितकीच सुबक!

आणि १७ जुलै १९८१ ची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या कॅन्सास सिटीत हयात रिजन्सी हॉटेलच्या दालनात दोन पूल एकाखाली एक टांगलेले होते. मूळ नकाशात दोन्ही पूल एकाच लांब गजाला होते. बांधताना सोपं जावं म्हणून एकाचे दोन गज केले आणि खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला. फरक कळला का? एका दोरीला दोघं वेगवेगळे लटकले, तर प्रत्येकाच्या मुठीवर आपापलंच वजन. पण खालच्यानं वरच्याचे पाय धरले, तर वरच्याच्या मुठीवर दोघांचं! त्या संध्याकाळी वरच्या पुलाचा जोड सुटला आणि ११४ माणसं गेली. बदल कागदावर होता, पण त्याचं गणित कुणी नव्यानं केलंच नव्हतं.

म्हणून 'नकाशात बदल झालाय का? त्याचं गणित कुणी तपासलं?' हे कलम यादीत हवंच. त्याचं उत्तर मात्र माणसानंच द्यायचं. माझं तर स्पष्ट मत आहे, की एजंटच्या खिडकीत बरोबरची खूण करायची आणि सही करायची सोयच ठेवू नये. त्यानं यादी लिहावी. वाकून, टेप लावून बघायचं काम इंजिनीअरचं.

आता तुमचं डोकं चालवा. त्याच मानकाप्रमाणं ५ घनमीटरपर्यंतच्या काँक्रीटमधून १ नमुना, ६ ते १५ ला २, १६ ते ३० ला ३ आणि ३१ ते ५० ला ४ नमुने घेतात, आणि एका नमुन्याचे ३ ठोकळे करून २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. एका शाळेचा स्लॅब ३ तारखेला पडला. काँक्रीट लागलं ४० घनमीटर, गाळा ५ मीटर. ठोकळे किती, आणि टेकू लवकरात लवकर कोणत्या तारखेला काढता येतील? उत्तर पुढच्या अंकात!