फादर, एक दाखला द्या!

गेल्या पावसाळ्यात बाळापूरला एका घरी मिस्साबली अर्पण केल्यानंतर चहा घेत बसलो होतो. आपली तिथली घरे मोजकी, त्यामुळे मिस्सा संपली तरी लगेच कुणी उठत नाही. यजमानांनी हळूच विषय काढला. थोरल्याची तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हते. मराठवाड्यातल्या एका कुटुंबाकडून विचारणा आली होती; मात्र धर्मगुरूंचे पत्र हवे, अशी मुलीच्या वडिलांची अट होती. “दोन ओळी लिहा, फादर. सुशील आहे, निर्व्यसनी आहे, मिस्सा चुकवत नाही.” मुलगा मिस्साला आलेला नव्हता. का आलेला नव्हता, हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते, आणि मलाही. मी गप्प राहिलेला पाहून त्याची आई म्हणाली, “फादर, एकडाव लगन लागलं का पोट्टं आपोआप सुधरते.”

मी पत्र दिले नाही. तेव्हापासून माझ्याविषयी जे बोलले जाते ते माझ्या कानावर आहे. फादरांना संसार नाही, त्यांना काय कळते! हा लेख म्हणजे त्या बोलण्याला माझे उत्तर आहे.

मला जे कळते ते फार महाग शिकलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, मी असेच पत्र दिले होते. मुलाच्या आईच्या डोळ्यांतले पाणी पाहून दिले. त्याच्या दारूविषयी मी एक अक्षर लिहिले नाही. उलट ‘मनमिळाऊ’ असा एक शब्द पदरचा घातला. दोन वर्षांनी ती मुलगी कडेवर मूल घेऊन माझ्याकडे आली. माहेरी निघाली होती. तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि एवढेच विचारले, “हे अक्षर तुमचंच ना, फादर?”

१९८३ च्या धर्मसंहितेतील १०९८ वे कलम सेमिनरीत आम्ही तोंडपाठ केले होते. वैवाहिक सहजीवनाचा गंभीर विध्वंस करू शकेल अशा एखाद्या गोष्टीबाबत, संमती मिळवण्यासाठी, जाणूनबुजून फसवणूक झाली असेल, तर फसलेल्याचा विवाह मुळातच अवैध ठरतो. हे कलम मुलाकडच्यांसाठी आहे असे मी समजत होतो. त्या फसवणुकीचा कागद धर्मगुरूच्या टेबलावरही लिहिला जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी उमगले.

आता त्या माउलीच्या वाक्याकडे वळतो. लग्न हे औषध आहे, अशी आपल्या समाजाची जणू विश्वासांगीकाराइतकीच दृढ श्रद्धा आहे. दारू पितो? लग्न लावा. कामधंद्यात लक्ष नाही? लग्न लावा. रागीट आहे? लग्न लावा, बायको सांभाळून घेईल. रोगी आपला मुलगा आणि औषध दुसऱ्याची मुलगी! स्वतःच्या मुलीला अशा कुणाच्या घरी औषध म्हणून पाठवायला यांच्यापैकी किती जण तयार आहेत?

मानसशास्त्राने या विषयाचा पुष्कळ शोध घेतला आहे. नायर आणि आसेंडॉर्फ या जर्मन अभ्यासकांनी अठरा ते तीस वयाच्या सुमारे पाचशे तरुण-तरुणींचे चार वर्षांच्या अंतराने परीक्षण केले. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाचा स्वभाव त्याच्या नात्यांना जितका घडवतो किंवा बिघडवतो, तितके नात्यांनी स्वभावाला बदललेले त्यांना दिसले नाही. म्हणजे रागीट मुलगा लग्नात राग घेऊनच जातो. याला एक अपवाद आढळला, तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांनी प्रथमच स्थिर सहजीवनात पाऊल टाकले, ते थोडे शांत आणि थोडे जबाबदार झालेले आढळले. पाहा, आमचेच खरे, असे कुणी म्हणेल. पण त्या तरुणांनी आपला जोडीदार स्वतः निवडला होता आणि ते नाते स्वतः उभे केले होते. कुणी त्यांना घोड्यावर बसवून आणले नव्हते.

२०१३ मधला आणखी एक अभ्यास आहे, बासष्ट देशांतल्या लाखो तरुणांचा. जिथे कामधंद्याची जबाबदारी लवकर अंगावर पडते, तिथे तरुणांचा स्वभावही लवकर परिपक्व होतो, असे त्यात दिसले. यावर आपल्याकडचा शेतकरी बाप म्हणेल की, माझा मुलगा दहावीपासून शेतात राबतो. राबतो, हे खरेच. खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू कपाशीत राबणे काय असते, हे मी या भागात राहून पाहिले आहे आणि त्या श्रमांपुढे मान लववतो. पण सातबारा बापाच्या नावावर, पासबुक बापाच्या कपाटात. यंदा सोयाबीन की तूर, हे ठरवणार बाप. तिशीच्या मुलाला बियाण्याची पिशवी निवडण्याचा अधिकार नाही आणि त्याच्यासाठी मुलगी निवडायला मात्र आपण मराठवाड्यापर्यंत जातो. श्रम आहेत, जबाबदारी नाही. तिकडे घरात त्याचे जेवलेले ताट आई उचलते, सदरा बहीण धुते. अशा रीतीने आपण मुलाला तीस वर्षे पाहुणा म्हणून सांभाळतो आणि एका सकाळी त्याच्याकडून यजमान होण्याची अपेक्षा करतो.

मुली मिळत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाचा वेश करून, काहींनी घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. पुष्कळांना हसू आले. मला आले नाही. सहा वर्षांखालील मुलग्यांमागे मुलींचे दर हजारी प्रमाण महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होते, २००१ मध्ये ९१३ झाले आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे, तरीही आकडे घसरतच गेले. मुली पोटात मारल्या गेल्या, हे मोर्चेकऱ्यांचे म्हणणे रास्तच होते. पण ज्या जन्मल्या, शिकल्या, नोकरीला लागल्या, त्या आपल्या घरांना नकार का देतात, हा प्रश्न सरकारला विचारण्यासारखा नाही. त्यांनी आपल्या आयांना पाहिले आहे. नकार अनेकदा शेतीला नसतो, ओसरीला असतो.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आईबापांना सोडून निघण्यास पुरुषाला सांगितले आहे, स्त्रीला नव्हे. लग्नाच्या मिस्सात हे वाचन आपण कितीदा ऐकतो! आणि मिस्सा आटोपल्यावर घर सोडते ती मुलगी. मुलगा होता तिथेच असतो, आईच्या पदराजवळ. वेगळी चूल मांडा, असे मी म्हणत नाही. एका छताखालीही माणूस आईबापांचे बोट सोडू शकतो. पण ते बोट आईबापांनी आधी सैल करावे लागते, तेही विशी उलटण्यापूर्वी. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक पत्रात लिहिले आहे की, विवाहाची तयारी बालपणी घरातच सुरू होते. आपण मात्र दोन दिवसांच्या विवाहपूर्व शिबिरावर सारा भार टाकून मोकळे होतो, आणि तिथेही मुलगा मागच्या बाकावर मोबाईल पाहत असतो.

तेव्हा माझ्या धर्मग्रामवासीयांनी हे लक्षात घ्यावे. स्नानसंस्काराचा दाखला आणि विवाहास मोकळा असल्याचे पत्र कोणालाही मिळेल. तो तुमचा हक्क आहे. त्यापलीकडे मी एक शब्द लिहिणार नाही. मुलीच्या वडिलांना मी एवढेच कळवीन की, आगाऊ सूचना न देता या, मुलीलाही सोबत आणा, एक दिवस त्या घरी राहा आणि जेवणे झाल्यावर थोडा वेळ तिथेच बसा. बाळापूरच्या त्या यजमानांनाही मी हेच सुचवले होते. ते म्हणाले, “फादर, असं कुठं असते का?” तितक्यात स्वयंपाकघरातून त्यांची धाकटी मुलगी आली आणि आमच्या सर्वांच्या कपबशा उचलून घेऊन गेली. थोरल्याची कपबशीही तिनेच नेली. तो तोवर आतून येऊन, चहा पिऊन, बाहेर निघून गेलेला होता.