चामडे, हौस आणि चुकण्याची मुभा

यंदाच्या स्मरणिकेची तयारी चालू असताना माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत एक सूचना आली. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेला आणि आज पुण्यात संगणक क्षेत्रात स्थिरावलेला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, रविवारी मुलांसाठी चामड्याच्या वस्तू करण्याचा वर्ग घेऊ या. पाकिटे, कमरेचे पट्टे, चष्म्याची घरे. साधने मी आणतो, शिकवतोही मीच." बैठकीत क्षणभर कोणीच बोलेना. मग एक पालक उठून उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण त्यांचे शब्द आजही आमच्या कानांत आहेत. "आमच्या आज्याने जे खांद्यावरून खाली टाकले, ते तुम्ही आमच्या पोराच्या मांडीवर ठेवणार काय?"

आम्ही त्या वेळी मनातल्या मनात त्या पालकांच्याच बाजूने कौल दिला होता. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार? गावगाड्यात मेलेले जनावर ओढायचे महाराने, कातडे कमवायचे ढोराने, जोडा शिवायचा चर्मकाराने. एकाच कातड्याच्या या तीन पायऱ्यांवर तीन जाती बसवल्या गेल्या आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खालच्या पायरीचा विटाळ शिकवला गेला. आपणही तो शिकलो, हे कबूल करायला हवे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी महाडच्या परिषदेत, मार्च १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी मेलेली गुरे ओढण्याच्या कामातले उत्पन्न मोजून दाखवणाऱ्यांचा समाचार घेतला. फायद्याचा हिशेब आम्हांला सांगू नका, आमच्यापुढे प्रश्न मानाचा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आणि हे सारे इतिहासजमा झाले म्हणावे, तर ११ जुलै २०१६ हा दिवस आठवतो. गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढल्याबद्दल दलित तरुणांना गाडीला बांधून भर रस्त्यात मारले गेले. असे असताना वसतिगृहात आरी आणि रापी आणायची?

तरीही विद्यार्थ्याने आग्रह धरला की नकार द्या, पण पाहून द्या. म्हणून एका रविवारी आम्ही पुण्याला गेलो. सोबत तालुक्याच्या बसस्थानकाबाहेर उभे आयुष्य दुकान मांडून बसलेले आणि आता थकून घरी असलेले एक चर्मकार काका होते. त्यांचा नातू आपल्याच शाळेत शिकतो.

एका गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावर, वाहने लावतात त्या जागेत, दहाबारा मंडळी जमली होती. बँकेतले अधिकारी, दातांच्या डॉक्टर बाई, सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी. कोणी कोणाची जात विचारली नाही. आम्हीही विचारली नाही. आडनावे मात्र कानांवर पडत होती, आणि आमच्या पिढीचे कान आडनावांकडे आपोआप वळतात, त्याला इलाज नाही.

त्यांची एक पद्धत आम्हांला नवीन वाटली. काम सुरू करण्याआधी प्रत्येकाने मागच्या आठवड्यात आपले काय बिघडले ते सांगायचे. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी चपलेचे तळवे कापताना साचा उलटा करायचे विसरून दोन्ही तळवे डाव्या पायाचे कापले होते. ते तळवे त्यांनी सर्वांना हातात घेऊन दाखवले आणि मंडळी पोट धरून हसली. निवृत्त गृहस्थांनी कमरेचे माप घेऊन पट्टा केला, तो चार बोटे आखूड भरला. मग त्यांना कळले की माप कमरेचे घ्यायचे नसते. जुना पट्टा घेऊन बक्कल जिथे दुमडते तिथपासून रोजच्या वापरातल्या भोकापर्यंत मोजायचे असते. डॉक्टर बाईंनी ओली पिशवी लवकर वाळावी म्हणून गरम भट्टीत ठेवली, तर ती आकसून लाकडासारखी टणक झाली. झाडपाल्याने कमावलेले चामडे ओले असताना फार तापले की असे होतेच. पण बाई हुशार. त्याच गुणाचा उपयोग करून पुढल्या खेपेस त्यांनी ओले चामडे ठोकळ्यावर ताणून जाणूनबुजून ऊन दिले आणि चष्म्याचे कडक घर तयार केले. ते त्या रोज वापरतात.

मग त्या तरुण मुलीची पाळी आली. तिने एक पट्टी पुढे केली. फिक्या बदामी रंगाच्या त्या चामड्यावर पाच बोटांचे निळसर काळे ठसे उमटले होते. लोखंडी कानस घासल्यावर हात न धुता तिने ओले चामडे उचलले होते. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कातडे कमावतात. त्या काढ्यातला तुरट अंश चामड्यात मुरलेला असतो आणि ओलाव्यात त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग धरतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत, तिच्यामागचे गुपितही हेच. तिथल्या एकाने सांगितले की हौशी कारागीर आता गंजके खिळे शिरक्यात मुरवून मुद्दाम असे पाणी तयार करतात. ते पाणी फिरवले की चामडे आतपर्यंत काळे होते, वरून लावलेल्या रंगासारखा त्याचा रंग बोटांना लागत नाही.

काका इतका वेळ गप्प होते. त्यांनी ती पट्टी मागून घेतली, उजेडात धरली आणि आम्हांला म्हणाले, "गुरुजी, हा डाग माझ्या बापाच्या हातनं पडला असता, तर पायलीभर जोंधळं गेलं असतं. वर शिव्या." मग त्यांनी यजमानांकडे लिंबू मागितले. फोडीने डाग हळूहळू चोळला. काही वेळात ठसे फिके पडले. पूर्ण गेले नाहीत, पण नजरेत भरेनासे झाले. "वाळू द्या. मग तेलाचा हात फिरवा," काका म्हणाले. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. पट्ट्याला पोटाकडचे चामडे घेऊ नये, ते ताणते; पाठीकडचे घ्यावे. दोऱ्याला मेण लावल्याशिवाय टाका घालू नये. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून समोरासमोर ओवले, तर एक टाका तुटला तरी बाकीचे टाके धरून राहतात. यंत्राच्या शिवणीचे तसे नाही. काका सांगत होते आणि ती मुलगी वहीत उतरवून घेत होती. लिहून झाल्यावर तिने सहज विचारले, "काका, तुमचं नाव काय लिहू? आमच्या वहीत सांगणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे."

काकांनी नाव सांगितले. आडनाव सांगण्याआधी ते किंचित थांबले. मग सांगितले.

परतीच्या बसमध्ये आम्ही त्या थांबण्याचाच विचार करीत होतो. आमच्या मताला पहिला धक्का बसला तो तिथे.

या छंदाचा अर्वाचीन इतिहास आम्ही नंतर वाचला. अमेरिकेत टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९१९ साली चर्मकारांना लागणारा माल विकणारे एक दुकान निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मालकाचा मुलगा चार्ल्स टँडी नौदलात होता. जखमी सैनिकांच्या इस्पितळांत हातांना आणि मनाला विरंगुळा म्हणून चामड्याचे काम दिले जाते, हे त्याच्या ध्यानात आले. युद्धानंतर टँडींनी हौशी लोकांसाठी चामडे आणि साधने विकायला काढली आणि त्यातून मोठा व्यवसाय उभा राहिला. अल स्टोलमन यांनी हाताने चामडे शिवण्याविषयी लिहिलेले पुस्तक १९७७ साली निघाले. हौशी लोक त्यावरून अजूनही शिकतात. म्हणजे तिकडे चामडे जखमेवरचे औषध म्हणून हाती दिले जात होते, त्याच दशकात इकडे आपली माणसे तेच चामडे जखम म्हणून टाकून देत होती. वस्तू एकच. काकांच्या वडिलांना आणि आजोबांना जे येत होते ते कोणत्या पुस्तकात आहे? २०२५ साली मिलानमधल्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१८ सालीच मिळालेले होते. मानांकन चपलेला मिळाले. ती शिवणाऱ्याचे नाव अजूनही कोणी विचारत नाही.

आमचे म्हणणे आता असे आहे. बाबासाहेबांनी आपल्याला चामडे विटाळलेले आहे असे शिकवले नाही. तसे शिकवणारे दुसरे होते. त्यांनी सक्ती झुगारायला सांगितली, जन्माने कपाळी लिहिलेले काम नाकारायला सांगितले. ज्या कामात 'नको' म्हणण्याची सोय नाही ते काम गुलामी आहे, मग ते चामड्याचे असो की चंदनाचे. पुण्याच्या त्या तळमजल्यावर आम्हांला कारागिरी फारशी दिसली नाही. खरे सांगायचे तर काकांच्या मानाने ती मंडळी अगदीच कच्ची आहेत. दिसली ती चुकण्याची मुभा. चामडे वाया गेले म्हणून कोणाची चूल विझली नाही, म्हणून ते हसू शकले. काकांच्या वडिलांकडे त्या हसण्यापुरतेही शिल्लक नव्हते.

आणि ही मुभा आपल्या मुलांकडे अजूनही नाही. तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. घराण्यात पहिल्यांदाच शिकणारे मूल उत्तर खोडरबराने इतके घासते की कागद फाटतो. प्रयोगशाळेत ते मागे उभे राहते. नळी फुटली तर भरपाई कोण देणार, ही धास्ती त्याच्या डोळ्यांत असते. आपण चुकलो तर गावी परत जावे लागेल, असे त्याला वाटते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. अशा मुलाला बिघडलेला पट्टा घेऊन दहा जणांसमोर हसत उभे राहता आले, तर आम्हांला ते पट्टा शिकण्यापेक्षा मोठे वाटते.

त्या पालकांची शंका मात्र आम्ही उडवून लावत नाही. तिला इतिहासाचा आधार आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अशी योजना आणली की प्राथमिक शाळेतल्या मुलांनी अर्धा दिवस शाळेत यावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ साली राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. कौशल्याच्या नावाखाली जात मागच्या दाराने कशी आत येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. म्हणून हा वर्ग वेळापत्रकात येता कामा नये. त्याला गुण नकोत, प्रमाणपत्र नको, आणि देणगीदार आले की आमची मुले जमिनीवर बसवून चामडे शिवताना काढलेली छायाचित्रे तर मुळीच नकोत. बुद्धिबळ आणि छायाचित्रणाच्या वर्गाशेजारी एक खोली, खिडक्या उघड्या (चिकटवायच्या द्रव्याचा वास डोक्यात जातो), मेजे आणि खुर्च्या, आणि ज्याला वाटेल त्याने यावे. मुलीही आल्या पाहिजेत. काकांना येण्याजाण्याचा खर्च आणि पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढेच मानधन, रुपया कमी नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात 'चम्मक्खन्धक' नावाचे आख्खे प्रकरण चामड्याविषयी आहे, हे आपल्या विहारांतही फारसे कोणी सांगत नाही. सोण कोळिविस हा सुखात वाढलेला तरुण भिक्खू अनवाणी चंक्रमण करताना पाय फुटून वाट रक्ताने भरली. भगवंतांनी त्याला एकपदरी तळाची पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. संघाला मिळत असेल तर मी घेईन, असे तो म्हणाला. मग ती अनुज्ञा सर्वांना मिळाली. आपल्या खोलीचे दारही तसेच सर्वांसाठी असावे. एका जातीच्या मुलांसाठी ते उघडणार असेल, तर आम्हीच त्याला कुलूप घालू.

वर्षावास संपल्यानंतरचा पहिला रविवार ठरला आहे. वही आणली आहे; तिच्या उजव्या पानावर काय बिघडले आणि डाव्या पानावर कोणी काय सांगितले, हे नाव आणि आडनावासह लिहायचे आहे. काकांनी एकच वस्तू मागितली. ओल्या चामड्याला लोखंडी हातोडी लावायची नाही, म्हणून त्यांना नदीकाठचा गुळगुळीत दगड हवा आहे, मुठीत मावेल एवढा. यादीत आजवर चौदा नावे आली आहेत. बैठकीत उभे राहिलेल्या त्या पालकांच्या मुलानेही येऊन नाव सांगितले. आम्ही ते अजून लिहिलेले नाही. वडिलांशी बोलून ये, असे त्याला सांगितले आहे, आणि वडिलांनाही निरोप दिला आहे की त्या रविवारी त्यांनी स्वतः यावे, मागच्या बाकावर बसावे आणि मग काय ते ठरवावे.