सुगम, पण कोणाला?

सुट्ट्या जवळ आल्या की पुण्या-नाशिकच्या घरांत काशीची आखणी सुरू होते. रेल्वेचं आरक्षण झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: दर्शनाचा स्लॉट मिळाला का? ब्रह्मा घाटाच्या आसपास उतरणाऱ्या मराठी मंडळींचा दिवसही आता या स्लॉटवर बेतलेला असतो. आधी विश्वनाथ, मग जेवण, मग जमलं तर सारनाथ.

आगाऊ कळवून येणं या घाटाला नवं नाही. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा हा काशीतला जुना मराठी मोहल्ला. नारायण दीक्षित पाटणकरांसारखी माणसं अठराव्या शतकात इथे येऊन वसली आणि मागोमाग देशावरून यात्रेकरूंची रीघ लागली. उपाध्यांना पोस्टकार्ड जायचं: मंडळी इतकी, श्राद्ध अमुक तिथीला, माडीवरची खोली ठेवावी. उपाध्येही वह्या उघडून कूळ काढून ठेवत. तेव्हा सगळे सारखे होते असं मात्र कोणी समजू नये. 1735 मध्ये बाजीरावांच्या मातुःश्री राधाबाई काशीला निघाल्या, तेव्हा वाटेतल्या रजपूत राजांनी आणि मोगल सरदारांनी त्यांची बडदास्त ठेवली. सामान्य यात्रेकरूच्या नशिबी चोर, जकात आणि पायपीट. पण पोस्टकार्ड टाकणाऱ्याला खोली मिळायची. विश्वनाथापुढची जागा त्यात येत नसे.

आगाऊ ठरवून येण्याचं आजचं रूप आधी सारनाथला पाहा. तिथलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय 1910 चं. आत शिरताच दालनात अशोकस्तंभाचे चार सिंह समोर येतात. चुनारच्या वालुकाश्मावर बावीसशे वर्षांपूर्वी चढवलेली झिलई अजून हात फिरवावासा वाटण्याइतकी तुकतुकीत आहे (हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको). ज्या चिन्हाखाली आपला पासपोर्ट निघतो, ते मूळ शिल्प पाहायला रांगेची धास्ती घेण्याचं कारण सहसा पडत नाही. धास्ती घ्यायचीच तर शुक्रवारची घ्यावी, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद असतं आणि टूरवाल्यांच्या कार्यक्रमात हे नेमकं राहून जातं. शेजारच्या उत्खननस्थळाचं तिकीट 2018 च्या दरपत्रकाप्रमाणे खिडकीवर 25 रुपये, ऑनलाइन 20. म्हणजे आधी ठरवून येणाऱ्याला सरकार पाच रुपये सोडतं.

मंदिरात हिशेब उलटा. काशी विश्वनाथाच्या ‘सुगम दर्शना’ला, म्हणजे पैसे भरून रांगेत पुढे जाण्याच्या सोयीला, एरवी 300 रुपये पडत, आणि 2023 च्या श्रावणात सोमवारचा भाव 750 पर्यंत चढला होता. गर्दी वाढली की दर वाढतो, हे विमान कंपनीचं गणित झालं. 2021 मध्ये मंदिराचा कॉरिडॉर खुला झाल्यापासून लोटणारी गर्दी आवरायची म्हणजे काही व्यवस्था हवीच, याबद्दल वाद नाही. गुडघ्याला पट्टा बांधून गल्लीच्या पायऱ्या चढणाऱ्या आजींना तासन्‌तास उभं ठेवावं असंही कोणी म्हणणार नाही. पण मग सवलतीला आजींचं वय पाहा, नातवाच्या खात्यातली शिल्लक कशाला?

जगातल्या संग्रहालयांनी आगाऊ वेळ का द्यायला सुरुवात केली, हे या संदर्भात पाहण्यासारखं आहे. मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ पाहायला मोजक्या माणसांना एका वेळी आत घेतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढतात, कारण माणसांच्या श्वासानं आणि धुळीनं भिंतीवरचं चित्र खराब होतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरची. तिथे बाहेर दुसरी रांगच नाही. वेळ सगळ्यांनाच घ्यावी लागते, त्यामुळे एकाच्या नोंदणीनं दुसऱ्याचं ताटकळणं वाढत नाही. सुगम दर्शनात वाढतं. पावती घेतलेला एकेक जण पुढे सरकला की बिनपावतीचा तेवढाच मागे राहतो. याला नोंदणी म्हणणं म्हणजे भाषेवर अन्याय आहे.

आणि देवळाला हे जमत नाही म्हणावं, तर तिरुपती समोर आहे. 300 रुपयांचं दर्शन तिथेही आहे, नाही असं नाही. पण त्याच्या जोडीला सर्वदर्शनाचे वेळ ठरवून दिलेले फुकट टोकनही आहेत. टोकन घ्यावं आणि वेळ झाली की रांगेला लागावं.

तशीच सोय विश्वनाथाच्या दारी सर्वांसाठी, बारमाही हवी. आणि ती फोनपुरती नको. मैदागिनला रिक्षातून उतरून बोचकं सांभाळत ब्रह्मा घाटाकडे वळणाऱ्या माणसाच्या वाटेत एक खिडकी असावी, तिच्यावर मराठीतही पाटी असावी आणि तिथे पैसे घेण्यासाठी गल्लाच नसावा.