हौसेच्या सुपाआड

मराठीत 'हौशी' हे विशेषण मोठे फसवे आहे. नाटकाच्या बाबतीत ते मानाने मिरवले जाते. राज्य नाट्यस्पर्धेतल्या हौशी कलावंतांच्या कामाची परीक्षक कसून चिकित्सा करतात. तोच शब्द चित्र काढणाऱ्या गृहिणीला वा शिक्षिकेला लावला, की तिचे चित्र परीक्षणाच्या कक्षेतूनच बाहेर पडते. 'एवढ्या व्यापातून वेळ काढता, कमाल आहे!' कौतुक होते ते वेळेचे, चित्राचे नव्हे.

हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत. आम्ही तिघी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून चित्रे काढतो. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे शब्द तेव्हा कळले. त्यापलीकडे आमची दीक्षा नाही. कुणी चित्र पाहू लागले, की आम्ही आधीच म्हणून मोकळ्या होतो, 'सहज काढलंय हो.' याला आम्ही इतकी वर्षे विनय समजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या वह्या समोर मांडल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या चित्रांतल्या माणसांना हातच नाहीत. कुणाचे पदराखाली, कुणाचे पाठीमागे, कुणाचे कागदाच्या कडेबाहेर गेलेले. हात काढणे अवघड. ती अडचण आम्ही रचनेच्या नावाखाली झाकत आलो होतो. एकीच्या वहीत तिच्या आईचे चित्र आहे, तांदूळ निवडतानाचे. चेहरा साधला आहे, लुगड्याच्या चुण्याही साधल्या आहेत. पण सूप उभे आणि हात त्याच्या आड. निवडताना सूप असे कुणी धरत नाही. ती आई आता नाही, आणि मुलीला सर्वाधिक आठवतात ते खडे टिपणारे तिचे हातच.

विद्यार्थ्याच्या कवितेत अशी पळवाट दिसली असती, तर आम्ही समासात तांबडी खूण केली असती. स्वतःला मात्र हौसेची सवलत दिली.

शिक्षण नव्हते, ही सबबही पुरी पडत नाही. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर यांच्या भगिनी सुनयनी देवी (१८७५–१९६२) यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. तिशीच्या सुमारास, घरसंसार सांभाळून त्या रंगवू लागल्या. १९२२ साली कोलकात्यात बाउहाउसच्या कलावंतांचे प्रदर्शन भरले, तेव्हा क्ली, कान्डिन्स्की यांच्या चित्रांबरोबर त्यांचीही चित्रे मांडली गेली. घरच्या कलासंपन्न वातावरणाचा लाभ त्यांना होता, हे खरे. आमची त्यांच्याशी तुलना नाही. तथापि चित्र भिंतीवर लागले, की ते चित्र म्हणूनच पाहिले जाते. काढणारीला फुरसत किती होती, हे तिथे कुणी विचारत नाही. आपल्या चित्राकडे तशा नजरेने पाहण्याचा अधिकार हौशी चित्रकर्तीने स्वतःच घेतला पाहिजे. चूक ओळखता येणे हाही त्या चित्राचा सन्मानच आहे.

म्हणून 'सहज' हा शब्द आम्ही आपसांत वर्ज्य केला आहे. मैत्रिणीने आईचे चित्र पुन्हा काढायला घेतले. अंगठा चुकला आहे. तो तिलाही दिसतो, आम्हालाही, आणि तसे आम्ही तिला सांगितलेही. पण सूप आता मांडीवर आडवे आहे.