अनाथ सॉफ्टवेअरला पालक हवेत

दूरच्या संगणकावर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याला शंका आली. शोध घेता ‘एक्सझेड युटिल्स’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. फायलींचा आकार लहान करणारे हे सॉफ्टवेअर लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत असते. दूषित आवृत्ती मुख्यतः चाचणीच्या टप्प्यातच अडवली गेली, म्हणून जगभरचे सर्व्हर बचावले.

ही चोरवाट आली कशी? हे सॉफ्टवेअर अनेक वर्षे प्रामुख्याने एकच स्वयंसेवक फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत होता. सुधारणा लवकर करा, असा तगादा त्याच्यामागे लागला. मानसिक स्वास्थ्याच्या अडचणी आहेत, असे त्याने २०२२ मध्ये सांगूनही दबाव थांबला नाही. ‘जिया टॅन’ या नावाची व्यक्ती २०२१ पासून मदत करत होती. हळूहळू विश्वास संपादन करून तिने अधिकार मिळवले आणि घात केला. ती नेमकी कोण, हे जगासमोर आलेले नाही.

म्हणजे स्वयंसेवक हवेत, पण पारखून घेतलेले आणि एकापेक्षा अधिक. डेबियन प्रकल्पाची पद्धत येथे उपयोगी ठरते. सांभाळणारा निघून गेला की ते पॅकेज उघडपणे ‘अनाथ’ म्हणून नोंदवले जाते. ‘मदत हवी’ अशीही वेगळी नोंद असते. नवा माणूस दत्तक घेऊ शकतो. मात्र सुरुवातीला त्याचे काम अनुभवी सदस्य तपासतो, मगच ते पुढे जाते. अर्थात, एक्सझेडमधील भामट्याने दोन-अडीच वर्षे धीर धरला होता. त्यामुळे अशी तपासणी सुरुवातीपुरती नव्हे, कायमची हवी.

खरी अडचण वेगळीच आहे. नवे घर बांधणाऱ्याचे कौतुक होते, गळके छप्पर शाकारणाऱ्याचे नाही. जुना कोड वाचणे, चुका दुरुस्त करणे हे कष्टाचे काम केवळ हौसेवर किती दिवस चालणार? जर्मनीने २०२२ मध्ये यासाठी सरकारी निधी सुरू केला. भारतात झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. फुकटच्या सॉफ्टवेअरवर धंदा उभारणाऱ्या इतर कंपन्यांनीही पैसा आणि कर्मचाऱ्यांचे काही तास द्यायला हवेत. ज्या खांबावर सगळ्यांचे छप्पर आहे, तो एकट्याच्या खांद्यावर सोडणे कुणालाच परवडणारे नाही.