मसूर स्टेशनवरचा प्रश्न

'शिका, कमवा, नीटनेटके राहा, जात कोण विचारतो?' हा सल्ला आम्हाला फुकटात मिळतो. सल्ला देणाऱ्यांना आम्ही १९०१ सालच्या मसूर स्टेशनवर नेऊ इच्छितो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नऊ-दहा वर्षांचे भीमराव, भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. वडील गोरेगावला, खटाव तालुक्यात, तलावाच्या कामावर खजिनदार होते. मुलांनी आगगाडी प्रथमच पाहिली. अंगात नवे कपडे, खिशात पैसे, हातात तिकीट. गाडीत कुणी काही विचारलं नाही. मसूरला उतरले, तर न्यायला कुणी नाही. पत्र नोकराने वडिलांना दिलंच नव्हतं. स्टेशनमास्तर मुलांना ब्राह्मणाची समजून कळवळला. मग त्याने विचारलं, तुम्ही कोण? 'महार' ऐकताच तोंड फिरवलं.

बैलगाडीवाले दुप्पट भाडं मिळत असूनही बसवून न्यायला तयार नव्हते. अखेर ठरलं ते असं: गाडी मुलांनी हाकायची, गाडीवाला बाजूने चालणार. वाटेत टोलनाक्यावर उर्दूत बोलून, मुसलमान आहोत सांगूनही पाणी मिळालं नाही. डब्यात जेवण होतं, तरी सगळे उपाशी झोपले.

बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहून ठेवलं आहे. कपडे, पैसे, तिकीट, सगळं होतं की! काय कमी पडलं, ते सल्लागारांनी सांगावं.

आणि हो, आज एसी डब्यात शेजारी गोड हसून 'आडनाव काय म्हणालात?' विचारतो, तेव्हा आम्हाला तो स्टेशनमास्तरच दिसतो. आम्ही आडनाव मोठ्याने सांगतो.