दहावीपर्यंत थांबायचं कशाला?

तमिळनाडूतल्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत परप्रांतीय कामगारही येतात. त्यांची मुलं घरी एक भाषा बोलतात, शाळेत तमिळ वाचतात. मूल अडखळतं ते परक्या भाषेमुळे की डिस्लेक्सियामुळे, हे शिक्षकाने ओळखायचं कसं?

डिस्लेक्सिया हेरणारी, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ चाचणी २०१५ साली आली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी त्यात चाळणी-प्रश्नावली आहे. तमिळ त्या पहिल्या चौघींत नव्हती.

मराठीत सोय आहे, तरी जोडाक्षरापाशी थबकणारं, ‘ब’चा ‘व’ वाचणारं पोर आपल्याकडे सर्रास ‘ढ’ ठरतं. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांच्या पाहणीची सक्ती करतो. पालकांची धावपळ मात्र दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी!

आपल्या शिक्षण खात्याने ‘डाली’ची ही प्रश्नावली येत्या जूनपासून प्रत्येक दुसरीच्या वर्गात पोचवावी.